हळदीचं गाणं कोणी पुसलं?

१

लॅपटॉप इतका झटकन सुरू झाला की योगराजला हसूच आलं. मागच्या आठवड्यापर्यंत याच लॅपटॉपसमोर चहा गार होईस्तोवर बसावं लागायचं. आतली जुनी हार्ड डिस्क टकटक वाजायची, आणि एखाद्या हळू गाण्यात ती टकटक माईकमध्येही शिरायची. आता नवी डिस्क घातल्यावर सगळं कसं गुपचूप आणि चपळ झालं होतं.

"बघा, कसा पळतोय!" असं म्हणत त्यानं गाण्यांची फोल्डरं उघडली. मग त्याचं हसू उतरलं. त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा खालून वर पाहिलं, शोधायच्या चौकटीत नाव टाकलं.

"हळद कुठंय?"

लिंबायतमध्ये साड्यांच्या पार्सलांच्या गोडाऊनवर योगराजची ती स्टुडिओची खोली होती. अहिराणी गाणी बांधायची, खानदेशातनं सुरतेत आलेल्या गायकांकडून गाऊन घ्यायची आणि यूट्यूबवर टाकायची, हा त्याचा उद्योग. 'हळद' हे त्याचं या लगनसराईचं गाणं. रेकॉर्डिंग झालं होतं, व्हिडिओ शूट झाला होता, आता बाहेर पडायचंच काय ते बाकी होतं. आणि त्या गाण्याचं सगळं फोल्डर गायब होतं. बाकी झाडून सगळी गाणी जागच्या जागी होती.

"नीट बघा ना भाऊ," हर्षदा म्हणाली. गाणं तिनं गायलं होतं. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

कोपऱ्यात बसलेल्या सुवर्णानं ते पाणी पाहिलं आणि तिला मनातून एकदम बरं वाटलं. क्षणभरच. लगेच तिची तिलाच लाज वाटली. पण वाटायचं ते वाटून गेलं होतं.

हर्षदा यायच्या आधी या खोलीतलं प्रत्येक बाईचं गाणं सुवर्णा गायची. सगळे तिला 'ताई' म्हणत. ही पोरगी आली ती 'मावशी' म्हणतच आली. केस मोकळे, आवाज पातळ आणि गोड, आणि मोबाइलसमोर उभी राहिली की नुसती उजळायची. 'हळद' हे खरं तर लेकीला हळद लागताना मांडवाच्या दारात उभ्या असलेल्या आईचं गाणं. सुवर्णानं स्वतःची लेक लग्न करून दिलेली. ते गाणं आपलंच, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. योगराजनं मात्र तिच्याकडून फक्त डमी गाऊन घेतली. नवीन गायिकेला चाल कळावी म्हणून जुनं माणूस आधी गाणं गाऊन देतं, ती डमी. नवीनचं शिकून झालं की डमी कोणी ऐकत नाही.

हर्षदाच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी सुवर्णा सगळ्यांसमोर बोलून गेली होती, "हे गाणं बाहेर नाही आलं तरच बरं."

आता खोलीतल्या सगळ्यांना तेच आठवत होतं. ते तिला न बघताही कळत होतं.

"जुनी डिस्क आहे की!" योगराज उठला. "दुरुस्तीवाल्या चेतननं तिला बाहेरून जोडायची डबी बसवून दिलीय. तिच्यात असेल."

त्यानं टेबलाचा खण ओढला. वायरी होत्या, जुने हेडफोन होते. डिस्क नव्हती.

दारात योगराजची बायको मनीषा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती सावकाश म्हणाली, "लॅपटॉप दुकानात द्यायच्या आदल्या दिवशी तुम्ही वर एकट्याच होता ना, सुवर्णाताई? चावी माझ्याकडूनच नेली होती."

"डबा राहिला होता माझा. तो घ्यायला गेले होते."

योगराजनं लॅपटॉप बंद केला. त्याच्या चेहऱ्यावर रागापेक्षा वेगळंच काहीतरी होतं, हातातलं मूल पडल्यासारखं.

"ताई," तो म्हणाला, "काय घालवलंत ते तुमचं तुम्हालाच ठाऊक नाही."

२

डिस्क मिळेपर्यंत स्टुडिओत येऊ नका, असा योगराजचा निरोप सकाळीच आला. निरोप आधी गल्लीत फिरला आणि मग सुवर्णापर्यंत पोचला. साड्यांचे सुटे धागे कापायचं काम ती घरी आणायची. गठ्ठा द्यायला आलेल्या बाईनंसुद्धा विचारलं, "गाणं खोडलं म्हणे तुम्ही?"

नवरा बळीराम डाइंग मिलमधून पाळी करून आला. हातपाय धुतले, जेवायला बसला. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "खरं सांग. तूच तं नही करं ना?"

"माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"तुझ्यावर आहे," बळीराम म्हणाला. "तुझ्या रागावर नाही."

हे तिला फार लागलं, कारण ते खरं होतं. मनातल्या मनात तिनं ते गाणं कितीदा तरी पुसलं होतं. हातानं नव्हतं पुसलं, एवढाच काय तो फरक. पण तेवढ्या फरकावर तिचं नाव उभं होतं. लगनसराई तोंडावर आलेली. गाणं चोरणाऱ्या बाईला हळदीला कोण बोलावणार?

जेवणं उरकून ती थेट चेतनच्या दुकानात गेली. मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं छोटंसं दुकान, काउंटरवर स्क्रूड्रायव्हरांचा पसारा. योगराजच्या लॅपटॉपची डिस्क यानंच बदलली होती. आणि गल्लीला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. चेतनच्या घरच्यांनी हर्षदासाठी स्थळ घातलं होतं, आणि तिनं ते धुडकावलं होतं.

"तूच पुसलंस का रे?" सुवर्णानं आल्या आल्या विचारलं.

चेतन हसला नाही, चिडलाही नाही. "काकू, सगळे तेच म्हणत असतील ना? पोरगी नाही मिळाली, म्हणून गाणं घालवलं."

"मी विचारतेय."

"ऐका मग. मी एकेक फाइल उचलून ठेवत नाही. नवी डिस्क वायरीनं लॅपटॉपला जोडतो आणि जुनीची जशीच्या तशी नक्कल काढतो. क्लोन म्हणतात त्याला. जुनीत जे असेल ते सगळं नवीत उतरतं, एक गाणं वगळून नाही उतरत. 'हळद' नवीत नाही, म्हणजे नक्कल काढताना ते जुनीतही नव्हतं. लॅपटॉप माझ्याकडे यायच्या आधीच कोणीतरी पुसलंय."

"किंवा तू नक्कल काढण्याआधी."

"किंवा मी," त्यानं मान्य केलं. "पण मग जुनी डिस्क मी परत कशाला दिली असती? नीट डबी बसवून? बिघडली म्हणून सांगितलं असतं तर योगराजभाऊंनी ऐकलं असतं. काकू, त्या डिस्कमध्ये ते गाणं अजून आहे."

"आत्ता तर म्हणालास, पुसलंय."

"पुसलं म्हणजे लगेच जात नाही. जुन्या डिस्कवर फाइल पुसली की फक्त तिच्या नावाची पाटी निघते. खालचा माल तसाच पडून असतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. नक्कल काढताना ही बिनपाटीची जागा नवीत येत नाही. म्हणून नवी डिस्क काही कामाची नाही. जुनी आणून द्या, मी काढून देतो. मी तर त्याच दिवशी सांगितलं होतं, डिस्क जपून ठेवा, पुसलेलंही हिच्यातून निघतं."

सुवर्णा दुकानाच्या पायरीवर थबकली. तिला आत्तापर्यंत वाटत होतं, गाणं पुसलं गेलं आणि विषय संपला. मग पुसून झाल्यावर डिस्क कोणी कशाला न्यावी? म्हणजे पुसलेलं हिच्यातून निघतं, हे नेणाऱ्याला ठाऊक होतं.

पिशवीत फोन वाजला. योगराज होता, आणि त्याचा आवाज मोकळा झाला होता.

"ताई, गाणं मिळालं."

३

गाणं हर्षदाच्या मोबाइलमध्ये होतं. योगराजनंच ते पूर्ण करून तिला मागे पाठवलं होतं, फाइल म्हणून, आवाजाचा दर्जा जराही न घटवता. रडण्याच्या भरात तिच्या लक्षातच नव्हतं. आता आठवलं आणि तिनं परत पाठवलं.

"चला, बरं झालं," सुवर्णा म्हणाली. "मग मी येऊ ना स्टुडिओत?"

योगराजचा आवाज पुन्हा कोरडा झाला. "गाणं मिळालं, ताई. पण पुसणारानं तर पुसलंच ना."

घरी येऊन ती धागे कापायला बसली. कात्री चालत होती आणि डोकं त्याहून भराभर चालत होतं. तिला हर्षदाचं रडं आठवत होतं. स्वतःचं गाणं स्वतःच्या मोबाइलमध्ये आहे, हे कोणी विसरतं? हर्षदा तर रस्त्यानं चालतानाही कानात इअरफोन घालून स्वतःचं गाणं ऐकायची. सुवर्णानं ते पाहिलं होतं आणि पाहून जळलीही होती.

पण बरं, विसरली असेल. त्या पोरीवर शंका घ्यायला सुवर्णाला निमित्त लागत नव्हतं, आणि नेमकी म्हणूनच तिला स्वतःच्या शंकेवर भरवसा नव्हता. तिनं कात्री खाली ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं विचार केला. हर्षदाचं गाणं तर आहे. मग घालवणाऱ्यानं घालवलं काय? त्या फोल्डरमध्ये आणखी होतं काय?

डमी.

जगात तिच्या डमीची दुसरी प्रत नव्हती. फोल्डर गेलं त्यात खरोखरीचं, कायमचं काही गेलं असेल, तर तो तिचा स्वतःचा आवाज. आणि हे एकाही माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्यासुद्धा.

'काय घालवलंत ते तुमचं तुम्हालाच ठाऊक नाही.' योगराजचं ते वाक्य आता तिला निराळंच ऐकू आलं.

ती मनीषाकडे गेली. दुपारची वेळ होती, मनीषा पापड वाळत घालत होती. हिच्यावरही संशय घ्यायला जागा होती. तिचा नवरा तासन्‌तास त्या देखण्या पोरीबरोबर बंद खोलीत बसायचा, आणि मनीषाला ते सोसत नव्हतं. स्टुडिओची चावीही तिच्याचकडे.

"मनीषा, मी भांडायला नाही आले. एकच सांग. योगराजभाऊ घरी माझी डमी कधी ऐकत होते का?"

मनीषाच्या हातातला पापड तसाच राहिला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. विचारतेय."

मनीषा पदराला हात पुसत खाली बसली. रागात किंवा लाजेत तिच्या तोंडून घरचीच बोली बाहेर पडायची. "आते काय सांगू ताई. लॅपटॉप घरी आणलेला. जेवण झालं की दार लोटून हळदीचं गाणं लावायचे. एकदा झालं, दोनदा झालं. माले वाटनं, त्या पोरीनंच गानं ऐकी राहिनात. मी भांडाले गयू. दार ढकललं, तर आवाज तुमचा होता. आणि हे डोळे पुसत होते."

सुवर्णा तिच्यासमोर खाली टेकली.

"म्हणाले, हेच गाणं खरं आहे. हेच लावायला पाहिजे. पण पोरीला सांगू कसं? शूटिंग झालंय, तिनं सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुम्हालाही सांगितलं नाही, कारण त्यांना धीर होत नव्हता."

"हे आणखी कोणाला ठाऊक होतं?"

मनीषानं मान खाली घातली. ती पापडाच्या कडा नीट करत बसली.

"हर्षदाला मीच सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "जिन्यात भेटली होती, नटूनथटून वर चालली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, नको एवढी नटू, तुझं गाणं येतच नाही. सुवर्णाताईचं येतंय."

तेवढ्यात योगराज आत आला. सुवर्णाला बघून त्याचा चेहरा आक्रसला. ती उठून उभी राहिली.

"भाऊ, जुनी डिस्क मिळाली तर पुसलेलंही परत काढता येतं. चेतननं तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"पुसलेलं परत येतं?" योगराजनं विचारलं. "मला कोणी नाही सांगितलं. मला ठाऊक असतं, तर ती डिस्क मी उघड्या खणात ठेवली असती का?"

४

सुवर्णानं रस्त्यातूनच चेतनला फोन लावला.

"तू त्या दिवशी हे कोणाला सांगितलंस रे? योगराजभाऊ तर नाही म्हणतात."

"भाऊ लॅपटॉप घ्यायला आले खरे, पण त्यांना फोन आला म्हणून ते रस्त्यावर गेले. मी काउंटरवर सांगितलं." चेतन थोडा अडखळला. "हर्षदा होती सोबत. तिनंच खोदून खोदून विचारलं, पुसलेलं गेलंच ना म्हणून. मला वाटलं, माझ्याशी बोलायचं निमित्त काढतेय." तो खिन्न हसला. "काकू, तिला यात ओढू नका हं."

सुवर्णानं उधन्याला जाणारी रिक्षा धरली.

हर्षदाचं घर मिलच्या मागच्या सोसायटीत. आई कामाला गेलेली, ती एकटीच होती. दारात सुवर्णाला बघून तिनं लगबगीनं ओढणी सावरली. "या ना मावशी. चहा ठेवू?"

"नको. तुझं गाणं मिळालं, बरं वाटलं. माझ्यावर आळ आला तेवढा राहिला. आता जुनी डिस्क सापडली तरी काय उपयोग? एकदा पुसलं ते पुसलं. कायमचं गेलं."

"हो ना," हर्षदा चटकन म्हणाली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं सरळ दिसलं. "पुसलेलं कुठं परत येतं, मावशी? तुम्ही आता त्याचा विचारच सोडा."

"चेतननं तर तुला उलटं सांगितलं होतं," सुवर्णा म्हणाली. "काउंटरवर उभं करून. तू खोदून विचारलंस आणि त्यानं समजावून सांगितलं. मग आत्ता मला खोटं का सांगितलंस?"

खाली एक टेम्पो मागे येत होता, त्याचा टींटीं आवाज तेवढा खोलीत येत राहिला.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत होता. "मनीषानं तुला जिन्यात सांगितलं, माझी डमी लागणार म्हणून. दुसरी प्रत नाही, हे तुला ठाऊक होतं. एकटी डमी पुसली असती तर योगराजभाऊंना लगेच कळलं असतं. डिस्क बदलायची निघाली आणि तुला वाट सापडली. सगळं फोल्डरच पुसायचं, म्हणजे दुकानात घोळ झाला असं लोक म्हणतील. तुझं गाणं तर मोबाइलमध्ये होतंच. नंतर दुकानात तुला कळलं, पुसलेलं जुन्या डिस्कमधून निघतं. म्हणून ती खणातून नेलीस. चेतनला न्यायची असती तर त्यानं ती दिलीच नसती. मनीषाला आणि मला पुसलेलं परत येतं हेच माहीत नव्हतं, आम्हाला ती डिस्क म्हणजे रिकामं खोकं. भाऊंना तर ठाऊकही नव्हतं आणि ते गाणं त्यांनाच लावायचं होतं. राहिली कोण?"

हर्षदा पलंगावर बसली. यावेळचं रडं वेगळं होतं; तोंड वेडंवाकडं झालं होतं आणि तिला त्याची फिकीर नव्हती.

"मी तुमचं नाव नाही घेतलं, मावशी."

"माझ्यावरचा आळ खोडलाही नाहीस."

"नाही." तिनं नाक पुसलं. "चाल शिकायला मला तुमची डमी ऐकवली होती ना. स्टुडिओतच, हेडफोन लावून. तुम्ही 'माय उभी राहिनी' म्हणता तिथं माझ्या अंगावर काटा आला. मग मी गायला लागले. दरवेळी गोड व्हायचं, नुसतं गोड. तुमच्यासारखं एकदाही नाही झालं. भाऊ म्हणायचे छान, छान. पण मला कळत होतं ना! रात्रंदिवस कानात तुमचाच आवाज. तुम्ही कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघायचा, तेव्हा वाटायचं, यांना माहितीय. या मनातून मला हसतात."

सुवर्णा ऐकत राहिली. या पोरीच्या केसांवर, गालांवर, मोबाइलमधल्या हसऱ्या फोटोंवर ती इतके महिने जळत बसली होती, आणि ही पोरगी त्याच वेळी तिच्यावर जळत होती. वाईट वाटायला हवं होतं. पण आधी वाटला तो आनंद, अगदी लख्ख, निर्लज्ज. आपला हेवा करणारं कोणी आहे! मग त्याच्या मागोमाग, ओशाळवाणं का होईना, वाईटही वाटलं.

"डिस्क कुठंय? फोडलीस?"

हर्षदानं कपाट उघडलं आणि ड्रेसच्या घडीतून ती काळी डबी काढली. "तापीच्या पुलावर घेऊन गेले होते. फेकायला हातच धजला नाही. भाऊंची सगळी गाणी आहेत हिच्यात. माझं पहिलं गाणंही."

तिनं डबी पुढे केली. सुवर्णानं ती घेतली नाही.

"मी नेऊन दिली तर लोक म्हणतील, हिच्याकडेच होती," ती म्हणाली. "चप्पल घाल. तू द्यायचीस."

५

योगराज खूप बोलला. हर्षदा उभी राहून ऐकत होती. मनीषा मध्येच म्हणाली, "बस झालं, आग मी पण लावलीय." तेव्हा कुठे तो थांबला. गल्लीत खरं काय ते सांगायचं कामही मनीषानं स्वतःकडे घेतलं, आणि तिनं सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या आत सगळीकडे पोचायचीच.

चेतननं जुनी डिस्क मशीनला जोडली आणि पुसलेला माल वर काढला. फाइली आल्या, पण नावं गेलेली होती, नुसते आकडे. कोणती काय आहे ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. सगळे दुकानात दाटीवाटीनं बसले आणि चेतन एकेक लावत गेला. ढोलकीचा तुकडा. हर्षदाची अर्धवट ओळ. योगराजचं खोकणं. पुन्हा ढोलकी. एक फाइल उघडलीच नाही.

मग एकदम सुवर्णाचा आवाज आला.

*मांडोना दारे माय उभी राहिनी,*
*लेकीना हातले हळद लागनी…*

सुवर्णानं स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. डमी गाऊन ती उठून गेली होती, धागे कापायचे राहिले होते म्हणून. आवाज जाड होता, एका जागी किंचित फाटला होता. आणि तो फाटला तिथंच मनीषानं डोळ्याला पदर लावला.

सुवर्णानं हर्षदाकडे पाहिलं. हर्षदा जमिनीकडे बघत होती, पण तिचे ओठ हलत होते. प्रत्येक शब्दाशी बरोबर.

योगराजनंही ते पाहिलं. "शूटिंग या चालीवरच झालंय," तो हळूच म्हणाला. "ओठ जुळतील. आवाज ताईंचा, पडद्यावर हर्षदा. चालेल?"

दोघींनाही ते मुळीच आवडलं नाही. दोघीही "चालेल" म्हणाल्या.

गाणं आलं आणि उचललं गेलं. रिक्षांमध्ये, यंत्रमागाच्या कारखान्यांमध्ये, मंडपांमध्ये वाजायला लागलं. बाजारात पोरी हर्षदाला गाठून फोटो काढायच्या, सुवर्णा शेजारी भाजीची पिशवी घेऊन उभी असायची आणि एखादी पोरगी तिला म्हणायची, "काकू, जरा बाजूला व्हा ना." तेव्हा तिचं जुनं दुखणं पुन्हा उसळायचं. आणि एखादी म्हातारी हर्षदाची अलाबला घेऊन म्हणायची, काय गळा दिलाय गं देवानं, तेव्हा हर्षदाचा चेहरा कसनुसा व्हायचा. तो बघून सुवर्णाचं दुखणं थोडं कमी व्हायचं. दोघींमध्ये गोडवा काही आला नव्हता. मात्र 'मावशी'चं 'ताई' झालं होतं.

कडोदऱ्याच्या एका लग्नात दोघींना बोलावणं होतं. नवरीला हळद लावून झाली आणि बायकांनी हर्षदाला घेरलं. "हळद म्हण! हळद म्हण!" कोणीतरी तिच्या हातात माईक कोंबला. हर्षदानं मागे वळून सुवर्णाला शोधलं. सुवर्णा खांबाजवळच्या खुर्चीत बसली होती. नजरानजर झाली. सुवर्णा उठली नाही.

हर्षदानं सुरुवात केली. गोड, पातळ, नेटका आवाज. एक ओळ झाली, दुसरी झाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मोबाइल वर धरलेले हात एकेक करून खाली यायला लागले. "गाण्यात तर निराळा आवाज येतो," पुढची एक बाई पुरेशा मोठ्यानं म्हणाली. हर्षदाच्या मानेवरची शीर ताठ झाली. कडव्याच्या शेवटच्या शब्दावर तिचा सूर थरथरला, पण ती थांबली नाही.

दुसरा माईक ढोलकीवाल्यापाशी पडला होता. सुवर्णानं तो पहिल्यापासून पाहिलेला होता. पहिलं कडवं तिनं तसंच जाऊ दिलं, पुरतं, खुर्चीत टेकून, प्रत्येक ओळ चवीनं ऐकत.

दुसऱ्या कडव्याला ती उठली आणि माईक उचलला.